फोनमधले रस्ते आणि मी, सखाचा टेम्पो

मी टेम्पो बोलतोय, आणि छाती पुढं काढून बोलतोय! उंदरानं एक गणपती वाहिला, नंदीनं एक शंकर. मी पेणच्या कारखान्यांतून इतके गणपती वाहिलेत, की वर गेल्यावर माझ्यासाठी पार्किंगची वेगळी जागा राखलेली असणार. नागोठणं, कोलाड, रोहा, कुठल्या आळीत मी देव पोचवला नाही? बरं, आता तुम्ही आपलेच म्हणून खरं सांगतो. निम्म्या वेळा मला धक्का मारूनच चालू करायचे, आणि चढ आला की भजनी मंडळ टाळ गळ्यात अडकवून खाली उतरायचं आणि ढकलायला लागायचं. देव मी नेला, की देवासकट मला लोकांनी नेलं, ते चित्रगुप्तानं ठरवावं.

शिक्षण विचाराल तर अर्धवट. पुढं चाललेल्या ट्रकांच्या पाठी वाचून मी अक्षरं शिकलो. पण ट्रक वळला की धडा तुटायचा. 'बुरी नजर वाले' इथपर्यंत मला पाठ आहे. त्या बिचाऱ्याचं पुढं काय झालं, ते अजून कळलेलं नाही.

माझा पहिला मालक पेणचा पोह्याच्या गिरणीवाला. त्याच्याकडं मी एवढे पोहे वाहिले, की अजून उन्हात तापलो की माझ्या फळ्यांना भाजक्या पोह्यांचा वास येतो आणि कोंबड्या येऊन टोचा मारून बघतात. गिरणीवाल्यानं मला सखाला विकलं. सखा गागोद्याचा. भात नि वाल पिकवणारा, अंगानं काटकुळा, मनानं भित्रा, मिशीनं मात्र इन्स्पेक्टर. मला दारात आणल्यावर त्याची बायको हौसा हळद-कुंकू घेऊन ओवाळायला आली. आरती माझ्या नाकासमोर आली आणि मी असा काळा धूर सोडला, की हिरवं लुगडं नि निरांजन दोन्ही काळं झालं. हौसानं माझ्या बॉनेटवर एक चापट दिली. तेव्हापासून आमचं जमलं.

सखाची देव नेण्याची रीत बघण्यासारखी होती. हौद्यात आधी पेंढा, त्यावर गोणपाट, मग मूर्ती, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गुंडाळ्या. बाप्पाच्या तोंडावर रुमाल. चप्पल घालून हौद्यात चढायचं नाही. आणि प्रत्येक गतिरोधक ओलांडला की गाडी कडेला. सखा खाली उतरणार, ताडपत्री उचलून आत डोकावणार, हात-सोंड-कान बघणार आणि हात जोडून परत स्टेअरिंगवर. सगळी हयात त्यानं अशीच गाडी चालवली. मला वेग म्हणजे काय ते शेजारून जाणाऱ्या एसटीकडं बघून कळायचं.

पुढं मोठाले कंटेनर आले. कारखानेवाले एकदम शंभर-शंभर मूर्ती भरून धाडायला लागले. सखाचे गुडघे बोलायला लागले, माझा स्टार्टर बोलायचा बंद झाला. मी दाराजवळच्या करंजाखाली उभा राहिलो तो राहिलोच. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालायला लागली. मी तिला काही बोललो नाही. निदान सीटवर कोणीतरी बसत होतं!

सखाचा मुलगा गणेश रोह्याला कंपनीत आहे. शिफ्ट बदलली की येतो, दोन दिवस राहतो आणि जाताना माझ्याकडं बघून एकच वाक्य बोलतो, "बाबा, ह्याचा भंगारात काटा करून टाका." नाव गणेश, आणि देव वाहणाऱ्याला वडखळच्या भंगारात घालायला निघालाय! म्हणून मी पण त्याचा पांढरा शर्ट कधी पांढरा परत जाऊ दिला नाही. माझ्या दाराला कुठं ग्रीस लावून ठेवायचं, ते मला बरोबर ठाऊक आहे.

पण गणेशनंच माझं नशीब उघडलं. त्यानं आईला फोन घेऊन दिला. गंमत अशी, की घरात रेंज नाही, ओटीवर नाही, विहिरीवर नाही. रेंज येते ती फक्त करंजाखाली, माझ्या केबिनमध्ये! आणि फोनची बॅटरी बसकी, म्हणून गणेशनं माझ्याच बॅटरीतून तार काढून चार्जिंगची सोय करून दिली. झालं. रोज दुपारी भांडी घासून हौसा केबिनमध्ये, तिच्या बाजूला सखा, डॅशबोर्डवर फोन. कोंबडीला मागं हौद्यात जागा मिळाली.

सुरुवात माझ्या दुखण्यावरून झाली. सखाला माझा स्टार्टर दुरुस्त करायचा व्हिडिओ हवा होता. तो शोधता शोधता एक माणूस निघाला, जो माझ्यासारख्याच टेम्पोत झोपत होता! आत खाट, खाटेखाली डबे, दाराला पडदा. गाडी घेऊन तो हिमालयात पोचलेला.

"अवो, बगा बगा!" हौसा ओरडली. "टेम्पोत घर केलंन ह्यानं!"

"येडा हाय," सखा म्हणाला. पण व्हिडिओ बंद केला नाही.

माझ्या तर सगळ्या नटबोल्टांना गुदगुल्या झाल्या. माझी जात हिमालयात! मी इथं कोंबडी सांभाळतोय!

मग दुसरा, तिसरा, दहावा. फोनला कळलं की ह्यांना गाड्या आवडतात, आणि फोनानं गाड्यांचा पूर सोडला. आणि काय एकेक नमुने, बाबा! एकजण तोंडाचा आ करून चित्रात उभा, बाजूला लाल बाण, खाली लिहिलेलं: मौतच्या घाटात अडकलो. बघितलं तर घाटात बकरी आडवी आलेली. बकरी गेल्यावर हा पठ्ठ्या निम्मा वेळ सांगतोय, घंटा दाबा, घंटा दाबा.

"मेल्या, घंटा देवळात," हौसा म्हणाली. "बकरीनं काय दाबलंन तुझं?"

दुसऱ्याच्या व्हिडिओत नुसती वरून काढलेली चित्रं. गाडी मुंगीएवढी, रस्ता दोऱ्याएवढा, मागं ढोल. सखा वैतागला. "ह्याचं इंजिन ऐकू का येत नाय? गाणं लावून काय लपवतोय?" तिसरा प्रत्येक मुक्कामाला एक जाकीट विकायचा. आणि एकदा एका परदेशी नवराबायकोचा ट्रक लागला, आत न्हाणी, फ्रिज, पुस्तकांचं कपाट. त्या दिवशी पेणहून त्र्यंबक मास्तर आमच्या गावात लावलेली आपली आंब्याची कलमं बघायला आले होते. ते शाळेतून निवृत्त झालेत, इंग्रजीवाले, म्हणून त्यांना मधे बसवलं. गोरा माणूस बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो, मास्तर?" हौसानं विचारलं.

"तो म्हणतो, गाडी बिघडली."

"एवढं बोलला नि एवढंच?"

मास्तर दिलखुलास हसले. "बाई, मला कविता कळते. त्याच्या गिअरबॉक्सला इंग्रजीत काय झालंय, ते माझ्या बापाला कळलं नसतं!"

मला एखादं चॅनेल आवडलं नाही, की मी काय करायचो सांगू? बॅटरीजवळची तार सैल आहे. जरा अंग झटकलं, की चार्जिंग तुटतं आणि फोन डोळे मिटतो. जाकीटवाल्याला मी तीनदा झोपवला. सखा म्हणायचा, "कनेक्शन लूज हाय." हौसा मात्र माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघायची.

हळूहळू हौसा ह्यातली पारखी झाली. भाजीवाली जशी वांगं न कापता सांगते आत कीड आहे की नाही, तशी ती दोन मिनिटांत सांगायची, हा माणूस ऐकायचा की सोडायचा. तिची परीक्षा साधी. "न्हायला-जायला कुठं गेले, ते दाखवतो का? पाणी कुठं भरलंन ते सांगतो का?" आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "ज्याचं वाटेत कायच चुकत नाय, तो गाडीनं गेलेलाच नाय." पुढं तिनं आणखी एक शोध लावला. जाताना सगळेच दाखवतात. परतीचा रस्ता दाखवणारा खरा. कारण परत येताना माणूस दमलेला असतो, आणि दमलेला माणूस खोटं बोलत नाही.

सखाची परीक्षा वेगळी, इंजिनचा आवाज ऐकू आला पाहिजे. माझीही तीच.

ह्या चाळणीतून सगळं गळून शेवटी एकच चॅनेल राहिलं. नाव सांगत नाही, नाहीतर म्हणाल टेम्पोला कमिशन मिळतं. नाशकाकडच्या दोघी, नणंद-भावजय. जुनी पिकअप. नणंद चालवते, भावजय बोलते. पहिल्यांदा ते लागलं तेव्हा भावजय इतकी हळू बोलत होती, की मला कंटाळा आला आणि मी तार झटकली. हौसानं चिकटपट्टी आणून तार अशी बांधली, की मला शिंकायची सोय उरली नाही. मग बघावंच लागलं. आणि काय बघितलं! पंक्चर झालं तर पंक्चर काढेपर्यंत सगळं. कुठल्या पंपावर बायकांची सोय बरी, कुठं कुलूप. भावजयीचा भात करपला तर करपलेला भात. खाली लोकांनी काही विचारलं तर ह्या दोघी बसून उत्तरं लिहितात. बघणारे थोडेच, पण आमच्या केबिनमधली तीन डोकी त्यांत धरा, कोंबडी धरली तर चार.

त्या दोघी एकदा कच्छच्या रणात पोचल्या. पहाटेचा व्हिडिओ. सगळीकडं पांढरी सपाट जमीन, कुठं झाड नाही, टेकडी नाही. आणि त्या जमिनीतून सूर्य वर आला.

हौसानं सखाचं मनगट धरलं. "अवो! जमिनीतनं आला! वालाचा मोड वर येतो ना माती फोडून, मान वाकडी करून, तसाच!"

तुम्हाला वाटेल त्यात एवढं काय. आमच्या गागोद्यात या आणि बघा. चहूकडं डोंगर. आमच्याकडं सूर्य आधी पलीकडून डोंगर चढतो, दमतो, मग आम्हाला दिसतो. तोवर हौसाच्या अर्ध्या घराचं काम उरकलेलं असतं. जन्म तिचा डोंगरातला, दिलं तेही डोंगरात.

"मला तो तसा बगायचाय," ती म्हणाली. "माज्या डोल्यांनी. ह्याच गाडीनं."

ह्याच गाडीनं! ऐकलंत? मी आनंदानं हॉर्न वाजवला. बटण न दाबता. मागची कोंबडी अर्धं अंडं टाकून पळाली.

त्या रविवारी गणेश आला, तेव्हा बोलणं झालं. गणेश आधी हसला. मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. "आये, ह्याचं पासिंग शिमग्यापर्यंत हाय. पुढं हा पास होणार नाय, मी विचारून आलोय. शिमग्याच्या आत जाऊन या. नंतर मी ह्याला भंगारात देणार, तेव्हा मधी पडायचं नाय."

म्हणजे बघा. एकच थंडी. हौसाच्या सूर्यासाठी एकच आणि माझ्यासाठीही एकच.

मग काय तयारी! स्टार्टर नवा बसला, टायर बदलले. हौसानं जुन्या लुगड्याचे पडदे शिवले, माझ्या खिडक्यांना! आयुष्यात पहिल्यांदा मला लाज झाकायला काही मिळालं. हौद्यात खाट बसली, शेगडीला कडी बसली. हौसानं सुकटीची बरणी पेंढ्यात दडवून ठेवली, कारण देवाच्या हौद्यात सुकट म्हटल्यावर सखानं डोळे वटारले असते. मी वासावरून ओळखलं. पण आपण चहाडखोर नाही.

सगळं तयार झालं आणि सखा निघेना.

भात झोडून झालं, वाल तयार झाले, शेताशेतात मडक्यात शेंगा भाजायच्या पोपट्या लागल्या, तरी हा केबिनमध्ये बसून फोन बघतोय. "टायरचं बघतो." टायरची पाच चॅनेलं. "गुजरातेत डिझेलचं बघतो." त्याची सहा. "पाणी गरम ठेवायचं बघतो." एक चॅनेलवाला सांगायचा अमुक घ्या, दुसरा सांगायचा तेच घेऊ नका, आणि मग दोघांत खरा कोण हे सांगणारा तिसरा शोधायला हवा. सखा खूश! खरं सांगू, इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. रोज बसल्या जागी दीडशे कोस जाऊन यायचा आणि गुडघ्याला कळ नाही.

एका दुपारी हौसानं फोन उचलून कमरेला खोचला. "त्या नाशकाकडच्या बाया काय सांगतात? लांब जायच्या आधी घराजवळ एक रात गाडीत झोपून बगा. चला खांबला. काशीकडं."

काशीबाई म्हणजे तिची मावसबहीण. कोलाडच्या अलीकडं खांब गावाला, हायवेपासून आत, तिचं मोठं अंगण आहे. सखाला नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून तो व्हय म्हणाला.

आणि निघायच्या दिवशी त्यानं जे केलं ते पेणवाल्याशिवाय दुसऱ्या कोणी केलं नसतं. हौसा म्हणाली, मी मागं खाटेवर पडून बघते, झोप लागते का. झालं! सखाच्या हातांना सवय. खाटेवर पेंढा, त्यावर गोणपाट, मग हौसा, हौसाच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गुंडाळ्या. रुमाल तेवढा तोंडावर टाकायचा राहिला, तो हौसानं हिसकावला म्हणून.

पेण सोडलं. पहिला गतिरोधक. गाडी कडेला. सखा उतरला, ताडपत्री उचलली.

"हात-पाय बरोबर हायत ना?"

"मी काय शाडूची हाय?" आतून आवाज आला.

दुसरा गतिरोधक, पुन्हा तेच. मग वडखळ, मग खड्डे. खड्डा दिसला की सखा मला तिरका घालायचा, एक चाक आधी, मग दुसरं, जसं मोठ्या मूर्तीला. मागं गाड्यांची वरात. हॉर्न नुसते. एका ट्रकवाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "काका, मागं काय आहे? काच?"

"बायको," सखा म्हणाला.

ट्रकवाल्यानं कानाला हात लावला आणि पुढं गेला. त्याची पाठ वाचायची होती, राहिलीच.

नागोठण्याला हौसा पेंढा झटकत पुढं येऊन बसली. त्यानंही फरक पडला नाही. सखा तिच्या शेजारून उतरून मागं जायचा, रिकाम्या खाटेकडं बघून यायचा आणि निर्धास्त व्हायचा. सकाळी निघालेलो आम्ही दिवेलागणीला खांबला पोचलो. पायी गेलो असतो तर चहाच्या वेळेला पोचलो असतो.

केसांत, पदरात, चोळीत पेंढा घेऊन हौसा उतरली. काशीबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभी. "गणपती भादव्यात येतात गो बाय! ही गौर पौषातच कशी आली?"

हसून हसून माझ्या रेडिएटरचं पाणी सांडलं.

पण रात्र मात्र झकास गेली. मी पहिल्यांदाच माझ्या पोटात माणसं झोपलेली ऐकली. सखा इतक्या जोरात घोरला, की त्याला डिझेल लागत असेल असं मला वाटलं. हौसा एकदा उठली, पडदा सारला, चांदण्या बघितल्या आणि हसत पुन्हा निजली.

सकाळी शिफ्ट संपवून गणेश मोटरसायकलवर आला. काशीबाईनं भाकऱ्या दिल्या, हौसानं पेंढ्यातून बरणी काढली, सखानं वास घेतला, आभाळाकडं बघितलं आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. गणेशनं माझ्याभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितले. पडदा बोटानं बाजूला केला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "परत घरी कशाला जाताय? सामान हाय, डिझेल मी भरून देतो. असेच पुढं जा. गुरांकडं मी नि वैशाली येऊन राहतो. मी सुट्टी टाकतो."

वैशाली त्याची बायको. म्हणजे सगळं ठरलेलं, मायलेकांचं! आणि ज्या पोरावर मी इतकं ग्रीस वाया घालवलं, तोच माझ्या टाकीत डिझेल ओतत होता. मी आज त्याचा शर्ट सोडला. जवळजवळ सोडला. एक बोट लागलंच.

सखा "बघू" म्हणाला आणि स्टेअरिंगवर बसला. येताना गंमत झाली. पोटात नाश्ता, डोक्यात विचार, त्यामुळं त्याला उतरायचं सुचलंच नाही. गतिरोधक आले नि गेले. नागोठणं गेलं, वडखळ गेलं. मी पळत होतो हो! पळत! माझ्या अंगात एवढा वारा कधी शिरला नव्हता. पडदे फडफडत होते. हौसा खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती आणि मी शेजारच्या एसटीला दात दाखवून पुढं गेलो. बरं, ती थांब्यावर उभी होती. पण गेलो तर खरा!

आणि आता मी उभा आहे.

पेणला खोपोलीचा रस्ता जिथं फुटतो तिथं. उजवीकडं वळलो की गागोदं, करंज, कोंबडी, आणि शिमग्यानंतर वडखळचा काटा. सरळ गेलो की पनवेल, मग गुजरात, मग ती पांढरी जमीन. सखानं उजवीकडचा दिवा लावलाय. एरवी कधी न पेटणारा तो दिवा नेमका आज पेटलाय, टिकटिक, टिकटिक. मी म्हणून इंजिन बंद पाडलंय. ही खोडी नाही, ही माझी विनंती आहे. तोंडानं बोलता येत नाही, तर माणूस काय करील?

मागच्या गाडीवाल्यांनो, तुमच्या पाया पडतो, हॉर्न वाजवू नका. आमच्या घरात बोलणं चाललंय. आणि तुमच्यापैकी कोणाच्या दारात माझ्यासारखा एखादा म्हातारा उभा असेल, तर त्याच्या सीटवरची कोंबडी उठवा आणि एकदा तरी स्वतः बसा.

सखा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून पुढं बघतोय. घसा खाकरून म्हणतोय, "हौसे, घाई नको गो. आता घरी जाऊ. आनखी दोन-चार चॅनेलं नीट बगू, रस्त्याची पुरी माहिती काढू. पुढच्या थंडीला निघू की. नायतरी फोनमधी सगळं तसंच तर दिसतंय."

हौसानं कमरेचा फोन काढला, पदरानं काच पुसली.

"तुमी उतरा नि घरी जा," ती म्हणाली. "मी पोचले की व्हिडिओ टाकते. तो बगा."